सहा माणसे, पंधरा नाती

या वेळच्या सदरासाठी आलेली बहुतेक पत्रे ‘फ्रेंड्स’ या एकाच मालिकेविषयी आहेत, आणि त्यांतील विनोदांपेक्षा त्या सहा जणांच्या आपापसांतील गुंत्याने वाचकांना अधिक अस्वस्थ केलेले दिसते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर १९९४ ते ६ मे २००४ या काळात अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर या मालिकेची १० पर्वे आणि २३६ भाग झाले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात राहणारे सहा जण तिच्या केंद्रस्थानी आहेत: मोनिका आणि तिचा भाऊ रॉस, मोनिकाची शाळेतील मैत्रीण रेचल, रॉसचा कॉलेजमधील रूममेट चँडलर, चँडलरचा आताचा रूममेट जोई आणि मोनिकाची पूर्वीची रूममेट फीबी. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मालिकेच्या नावावरून वाटते की हे सहाही जण एकमेकांचे सारखेच जिवलग आहेत. पुन्हा पाहताना मात्र मला तसे वाटेना. काही जोड्या एकमेकांशी क्वचितच एकट्याने बोलतात. हा लेखनातील दोष मानावा का?

उत्तर : मी मानणार नाही. या मालिकेत मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट हीच आहे. सहा माणसे एकत्र आली की दोघादोघांच्या पंधरा जोड्या होतात, आणि या पंधराही नात्यांचा उगम, वय आणि खोली एकसारखी असणे शक्यच नसते. मोनिका आणि रॉस यांचे नाते रक्ताचे आहे. ते त्यांनी निवडलेले नाही आणि त्यांना ते मोडताही येणार नाही. रॉस आणि चँडलर कॉलेजच्या दिवसांत एका खोलीत राहिले. चँडलर आणि जोई एका घरात राहतात आणि त्या घराचे दार मोनिकाच्या दारासमोर उघडते. रेचल आणि चँडलर किंवा फीबी आणि रॉस यांची ओळख मात्र तिसऱ्या कोणाच्या तरी माध्यमातून झालेली आहे, आणि ते तिसरे माणूस बहुतेक वेळा मोनिका आहे. ती कोणाची बहीण, कोणाची शाळासोबतीण, कोणाची जुनी रूममेट आणि कोणाची शेजारीण आहे. सगळे जण तिच्याच घरात का जमतात, याचे उत्तर तिच्या स्वयंपाकाइतकेच या मांडणीतही आहे.

रेचलचा प्रवेश आठवून पाहा. पहिल्याच भागात ती स्वतःच्या लग्नातून पळून, नवरीच्या पोशाखात, मोनिकाला शोधत कॉफीच्या दुकानात येते, आणि थोड्याच वेळात उघड होते की ज्या मैत्रिणीकडे ती आधाराला आली आहे, तिला तिने या लग्नाचे आमंत्रणच दिले नव्हते. हा क्षण हसण्यावारी निघून जातो, पण शाळेतली मैत्री मधल्या वर्षांत किती विरली होती, हे त्यातून कळते. तरीही मोनिका तिला घरात घेते. पुढच्या दहा पर्वांतील त्या दोघींची जवळीक जुन्या मैत्रीच्या पुण्याईवर चाललेली नाही. त्या दिवसानंतर एका छपराखाली राहून त्यांनी ती नव्याने उभी केलेली आहे. फीबीचे नेमके उलटे झाले. तिसऱ्या पर्वात भूतकाळात नेणारा एक भाग आहे. त्यात दिसते की मोनिकाचा टापटिपीचा सोस फीबीला सोसवत नव्हता, म्हणून ती एकेक वस्तू हलवत गुपचूप घर सोडून चालली होती आणि हे मोनिकाला सांगण्याचा धीर तिला होत नव्हता. त्या दोघी एका घरात राहिल्या असत्या तर त्यांची मैत्री टिकली नसती, असे मला वाटते.

आपण ज्या जोड्यांना ‘क्वचितच बोलणाऱ्या’ म्हणता, त्यांच्यासाठी सातव्या पर्वातील एक भाग लक्षपूर्वक पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्या भागात कळते की फीबी आणि जोई महिन्यातून एकदा दोघेच जेवायला जातात आणि त्या जेवणात उरलेल्या चौघांविषयी बोलतात. एका महिन्यात जोई दुसऱ्याच एका मुलीला भेटण्यासाठी हे जेवण ऐन वेळी रद्द करतो, आणि फीबीला त्याचा इतका राग येतो की पाहणाऱ्याला क्षणभर आश्चर्य वाटावे. कारण हे दोघे तर रोजच भेटतात! पण तिचा राग समजण्याजोगा आहे. रोजच्या भेटी सहा जणांच्या असतात. महिन्यातले ते एक जेवण तेवढे त्या दोघांचे असते. ज्या जोडीला स्वतःचा असा वेळ नसतो ती कंपूच्या उधारीवर जगते, आणि कंपूत काही बिनसले की सर्वांत आधी तीच सुटते.

प्रश्न : रॉस आणि रेचल यांचे तुटल्यावर बाकीच्या चौघांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. चूक रॉसची होती. अशा वेळी तटस्थ राहणे हा भित्रेपणा नाही का?

उत्तर : आपला राग मला रास्त वाटतो, मात्र चौघे तटस्थ होते हे मला मान्य नाही, आणि माझी तक्रारही तिथेच आहे.

प्रसंग तिसऱ्या पर्वातील, फेब्रुवारी १९९७ मध्ये दाखवलेल्या सलग दोन भागांतील आहे. रेचल नव्या नोकरीत बुडालेली आहे, रॉसला तिच्या सहकाऱ्याविषयी मत्सर वाटतो, भांडण वाढते, आणि काही काळ थांबू या असे रेचल म्हणते. त्याच रात्री रॉस दुसऱ्या एका तरुणीसोबत जातो. दुसऱ्या दिवशी हे उघड होते आणि मोनिकाच्या दिवाणखान्यात दोघांचे रात्रभर चाललेले, अखेरचे भांडण होते. बाकीचे चौघे त्या वेळी शेजारच्या झोपण्याच्या खोलीत अडकून पडलेले असतात. बाहेर गेले तर त्या दोघांच्या मध्ये यावे लागेल, आणि आत राहिले तर सगळे ऐकू येत राहील, अशा स्थितीत ते भिंतीआड बसून राहतात.

ती खोली माझ्या मनातून कधी गेली नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये तीन माणसांच्या नात्यांतील समतोलाची एक कल्पना मांडली होती. तिघांपैकी दोघांचे माझ्याशी सख्य असेल आणि त्या दोघांचे एकमेकांशी वैर असेल, तर तो त्रिकोण मनाला सतत टोचत राहतो, आणि टोचणी थांबवण्यासाठी माणूस एक तर त्या दोघांना जवळ आणू पाहतो किंवा दोघांपैकी एकापासून दूर होतो. सहा जणांच्या कंपूत असे एकूण वीस त्रिकोण असतात आणि प्रत्येक जोडी त्यांपैकी चार त्रिकोणांत असते. रॉस आणि रेचल यांची बाजू तुटली त्या रात्री एकाच वेळी चार त्रिकोण बिघडले, आणि त्या चार त्रिकोणांची चार टोके त्या बंद खोलीत बसलेली होती. जोडप्याचे भांडण ही त्या दोघांची खासगी बाब आहे, असे आपण म्हणतो खरे. पण कंपूत जुळलेल्या जोडप्याच्या बाबतीत ते कधीच पूर्ण खरे नसते.

आता बाजू घेण्याविषयी. घटनेनंतरच्या सकाळी रॉस आपली चूक चँडलर आणि जोई यांना सांगतो, तेव्हा ते दोघे त्याला काय सल्ला देतात, हे विसरता येणार नाही. ही गोष्ट रेचलपर्यंत पोहोचू देऊ नकोस, ज्यांना ठाऊक आहे त्यांना एकेक गाठून गप्प कर, असे ते त्याला सांगतात. रॉस त्याप्रमाणे धावपळ करतोही, आणि त्या साखळीच्या शेवटच्या कडीशी, कॉफीच्या दुकानातील गुंथरपाशी, त्याला उशीर होतो. रेचल ही चँडलर आणि जोई यांचीही मैत्रीण होती. तिच्यापासून काय लपवायचे हे त्यांनी तिच्या पाठीमागे ठरवले. भांडण होण्याच्या आधीच त्यांनी बाजू घेतलेली होती, आणि ती घेताना आपण बाजू घेत आहोत याची जाणीवही त्यांना नव्हती. जुने रूममेट, पुरुष, एकमेकांची लफडी सावरण्याची सवय झालेले, अशा सगळ्या गोष्टींनी त्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की कंपूतील माणसाने दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. घडलेले कृत्य योग्य की अयोग्य, या प्रश्नावर स्पष्ट बोलायला हवे. रॉसला तू चुकलास असे त्याच्या तोंडावर सांगणारा एक मित्र त्या सकाळी हवा होता, आणि ते सांगितल्याने त्याची मैत्री तुटली नसती. कोणी कंपूत राहावे आणि कोणी जावे, हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्यावर घाईने मत देण्याचा अधिकार कोणालाच नाही. चौघांनी या दुसऱ्या प्रश्नावर गप्प राहून चांगले केले. पहिल्या प्रश्नावर ते गप्प राहिले, तिथे ते कमी पडले.

लगेच पुढच्या भागात याची किंमत दिसते. रेचल रॉसला वगळून बाकीच्यांना घेऊन बर्फावरच्या सहलीला निघते. वाटेत गाडी बंद पडते आणि मदतीसाठी ज्याला वगळले त्या रॉसलाच बोलवावे लागते. त्या भागात चँडलर पुन्हा सिगारेट ओढू लागतो, कारण या सगळ्या ओढाताणीने त्याला लहानपणी पाहिलेला आईवडिलांचा घटस्फोट आठवतो. माझ्या दृष्टीने त्या भागाचा गाभा ही सिगारेट आहे. तुटलेले दोघे आपापल्या दुःखात इतके गुरफटलेले असतात की चँडलरला त्याच्या बालपणात परत ढकलले जात आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

प्रश्न : यांच्यातील काहींना चांगला पगार आहे आणि काहींना महिन्याचा खर्च भागवणेही कठीण जाते. मैत्रीत पैशाचा विषय कोणी काढावा? ज्याच्याकडे आहे त्याने की ज्याच्याकडे नाही त्याने?

उत्तर : ज्याच्याकडे आहे त्याने. या बाबतीत माझ्या मनात शंका नाही, आणि दुसऱ्या पर्वातील, ऑक्टोबर १९९५ मध्ये दाखवलेला एक भाग हे मत पक्के करतो.

मोनिकाला बढती मिळते म्हणून सगळे महागड्या ठिकाणी जेवायला जातात. रेचल, फीबी आणि जोई यादीतील किमती पाहून थोडेसेच काही मागवतात. मोनिका, रॉस आणि चँडलर मनसोक्त जेवतात. आणि बिल आल्यावर ते सगळ्यांत सारखे वाटण्याची सूचना होते. फीबी ठाम नकार देते. त्या क्षणी टेबलावर जी शांतता पसरते ती ओळखीची वाटली नाही असा माणूस विरळा. सारखे वाटून घेणे म्हणजे न्याय, अशी कमावत्या तिघांची प्रामाणिक समजूत होती. दर वाढदिवसाला निघणारी वर्गणी दुसऱ्या तिघांना किती जड जाते, याचा विचार त्यांनी वाईट हेतूने टाळलेला नव्हता. तो विचार त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

पुढे जे घडते ते अधिक सूक्ष्म आहे. विषय उघड झाल्यावर कमावते तिघे सर्वांसाठी एका बँडच्या कार्यक्रमाची तिकिटे काढून आणतात. हेतू प्रेमाचा, पण दुसऱ्या तिघांना त्यात दया दिसते आणि ते जात नाहीत. इथे पुष्कळ प्रेक्षकांना रेचल, फीबी आणि जोई कृतघ्न वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. बिल जड गेले तर माणसाची फार तर तारांबळ उडते. फुकट मिळालेल्या तिकिटाने तो मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाला बरोबरीने भांडता येत नाही. बरोबरीने भांडता येणे हे मैत्रीचे लक्षण आहे. त्या तिघांना कमी खर्चाची एखादी संध्याकाळ हवी होती, जिथे सहाही जण आपापले पैसे देऊ शकले असते. ते कोणाला सुचले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. भागाच्या अखेरीस मोनिकाची नोकरी जाते आणि कमावत्यांच्या रांगेतून ती एका दिवसात दुसऱ्या रांगेत येते.

या भागाला पडद्यामागचीही एक बाजू आहे. त्याच दुसऱ्या पर्वात सहा कलाकारांचे मानधन एकमेकांपेक्षा वेगळे होते. १९९६ मध्ये नव्या कराराची वेळ आली तेव्हा रॉसची भूमिका करणाऱ्या डेव्हिड श्विमर यांनी सहा जणांनी मिळून आणि सारखेच मानधन मागावे, असा आग्रह धरला. ते स्वतः अधिक मानधन मिळणाऱ्यांपैकी होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिसऱ्या पर्वासाठी प्रत्येकाला भागामागे ७५,००० डॉलर मिळाले, आणि शेवटच्या दोन पर्वांसाठी प्रत्येकी १० लाख डॉलर. ज्याच्याकडे आहे त्याने विषय काढला तर तो कसा सुटतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तोच विषय कमी मानधन घेणाऱ्याने काढला असता, तर ती मागणी ठरली असती.

प्रश्न : चँडलर जोईच्या मैत्रिणीच्या प्रेमात पडतो, तेव्हा जोई त्याला लाकडी पेटीत बसवतो. प्रौढ माणसांना ही शिक्षा शोभते का?

उत्तर : प्रसंग नोव्हेंबर १९९७ मधील, चौथ्या पर्वातील आहे. जोई कॅथी नावाच्या तरुणीला भेटत असतो. चँडलरला ती मनापासून आवडते आणि तिचे जोईशी असलेले नाते संपण्याआधीच तो तिचे चुंबन घेतो. मग तो ही गोष्ट भरून काढण्यासाठी वस्तू आणू लागतो. चोरी होऊन रिकामे झालेले त्यांचे घर तो नव्या सामानाने भरतो. जोईवर त्याचा परिणाम होत नाही आणि तो घर सोडण्याच्या गोष्टी करू लागतो. शेवटी चँडलरने सहा तास पेटीत गप्प बसावे, असे ठरते; सहाच तास, कारण चोरी झाली त्या वेळी जोई स्वतः तितकाच वेळ कपाटात कोंडलेला होता.

मला ही शिक्षा शोभते असे वाटते, आणि त्याचे कारण तिच्या बालिशपणातच आहे. चँडलर दोन शस्त्रांवर जगणारा माणूस आहे, विनोद आणि भरपाई. पेटीत ती दोन्ही काढून घेतली जातात. त्याला बोलता येत नाही आणि काही विकतही आणता येत नाही. अपराध्याला फक्त अपराधासोबत बसावे लागते, आणि ज्याचा अपराध केला तो समोर वावरत असतो. पेटीत असतानाच कॅथी येते आणि तुम्हा दोघांच्या मध्ये यायचे नाही म्हणून मी निघते, असे सांगते. चँडलर तेव्हाही बोलत नाही. आपण गप्प राहिलो तर प्रेम जाईल हे कळत असूनही तो दिलेला शब्द पाळतो, आणि तेव्हाच जोईचा राग निवळतो. तिच्या मागे जा, असे मग जोईच त्याला सांगतो.

या गोष्टीच्या शेजारी आठव्या पर्वातील दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. त्यात जोई रेचलच्या प्रेमात पडतो. रेचल रॉसच्या मुलाची आई होणार असते, म्हणजे गुंता कॅथीच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण जोई रेचलला काही सांगण्याआधी रॉसला सांगतो. रॉस आधी संतापतो, निघून जातो, मग परत येतो आणि तिला सांग असे त्याला म्हणतो. रेचलच्या मनात तशी भावना नसते, आणि जोईला ते पचवावे लागते. तरीही त्या तिघांपैकी कोणी कोणाला पेटीत बसवत नाही. मित्राच्या प्रेमाच्या माणसावर आपले मन जडणे हे कोणाच्या हातात नसते. कोणाला आधी सांगायचे, हे मात्र हातात असते, आणि पेटीतून बाहेर आलेल्या मित्राशी पुढे चार वर्षे मैत्री टिकवलेला जोई हे शिकलेला होता, असे मानायला मला आवडते.

प्रश्न : मोनिका आणि चँडलर यांनी आपले प्रेम इतके दिवस लपवून ठेवले, यात त्यांचे काय चुकले?

उत्तर : त्यांचे प्रेम लपवणे चुकले नाही. नवे नाते चार लोकांच्या नजरेखाली आणण्याआधी त्याला थोडा काळ सावली लागते, आणि या दोघांनी तर रॉस आणि रेचल यांचे काय झाले, ते त्या बंद खोलीतून ऐकलेले होते. चुकले ते जोईच्या बाबतीत. मे १९९८ मध्ये लंडनला सुरू झालेली गोष्ट त्याला पुढच्या पर्वात ऑक्टोबरच्या अखेरीस कळते, आणि तो ती कोणाला सांगणार नाही, असे ते त्याच्याकडून वदवून घेतात. मग कुठे कपडा सापडला, कुठे कॅमेरा सापडला, की दोष जोई स्वतःवर घेतो, आणि उरलेल्यांच्या नजरेत तो विकृत ठरत जातो. दोघांच्या सुखाचे भाडे तिसरा भरत होता. आपले गुपित दुसऱ्याच्या अब्रूवर चालू लागले आहे हे लक्षात येताच त्यांनी ते सोडायला हवे होते. पुढे जानेवारी १९९९ मध्ये रेचलला कळते, फेब्रुवारीत फीबीला खिडकीतून दिसते, आणि रॉसला सर्वांत शेवटी. एकाच्या बहिणीची आणि जुन्या रूममेटची गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असते. रॉसच्या त्या दिवसाच्या आकांताला प्रेक्षक हसतात. मला त्यात एकटे पडल्याचे दुःखही ऐकू येते.

प्रश्न : मी तुमच्याकडे मालिकेविषयी विचारत आहे, पण प्रश्न माझा आहे. आमचा सात जणांचा कंपू होता. त्यातील एकाशी माझे तीन वर्षांचे नाते होते, ते मागच्या वर्षी संपले. बाकीचे पाच जण त्याचे लहानपणापासूनचे मित्र. सगळ्यांनी मला सांगितले होते की तू आमची आहेस, काही बदलणार नाही. आता निरोप येत नाहीत. परवा पाचव्या पर्वातील किपचा भाग पाहिला आणि रात्रभर झोप लागली नाही. मी किप आहे का?

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. इतर वाचकांसाठी किप कोण ते सांगतो. तो मालिकेत कधी दिसत नाही. तो चँडलरचा पूर्वीचा रूममेट. मोनिकाशी त्याचे जुळले, मग तुटले, आणि आम्ही सगळे तुझे मित्रच राहू असे आश्वासन मिळूनही तो हळूहळू बाहेर पडला. ही हकीकत रेचल सांगते, कारण ऑक्टोबर १९९८ मध्ये दाखवलेल्या त्या भागात तिच्यावर तीच वेळ आलेली असते. रॉसची पत्नी एमिली हिने रेचलला भेटायचे नाही अशी अट घातलेली असते आणि रॉसने ती मान्य केलेली असते. रेचल हिशोब मांडते: मोनिका त्याची बहीण, चँडलर त्याचा जुना मित्र; मग जाणार कोण? ती रडते, आणि तिचा हिशोब बरोबर असतो. ती वाचते ती कंपूच्या निष्ठेमुळे नव्हे. पुढच्याच भागात रॉस आणि एमिली यांचे लग्न मोडते, म्हणून ती वाचते. आपल्याला धीर देण्यासाठी मी याहून गोड काही सांगू शकलो असतो, पण ते खरे नसते.

त्या पाच जणांनी आपल्याला खोटे आश्वासन दिले, असे मला वाटत नाही. ‘आम्ही सगळे’ असे म्हणून दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी पाचांपैकी कोणावरच येत नाही. प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी तरी बोलावत असेल. म्हणून कंपू आपल्याला परत घेतो का, याची वाट पाहू नका. तीन वर्षांत या पाच जणांपैकी कोणासोबत आपण एकट्याने वेळ घालवला आहे, ते आठवा. कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, पुढे खरी मैत्री होण्यास सुमारे ९०, आणि जिवलग मैत्रीसाठी २०० हून अधिक. सात जणांच्या बैठकीत घालवलेले तास पाचही जणांच्या खात्यात थोडे थोडे जमा झाले असतील, पण कोणा एकाच्या खात्यात ते पुरेसे आहेत का, हे आपल्यालाच ठाऊक असेल. ज्याच्या किंवा जिच्या बाबतीत उत्तर ‘होय’ असेल, त्या एका व्यक्तीला फोन करा. कंपूविषयी, त्याच्याविषयी किंवा मागच्या वर्षाविषयी जाब विचारू नका. मला तुला भेटायचे आहे, फक्त तुला, एवढेच सांगा, आणि दिवस व वेळ स्वतः ठरवून सुचवा.

पाच जणांत असे कोणीच नसेल, तर आपण त्या कंपूत होतात ते त्याच्या हाताला धरून होतात, आणि हे कळणे फार दुखेल. तसे असल्यास मला पुन्हा लिहा. पत्र छापायचे नसेल तर तसे वर लिहा, मी उत्तर थेट आपल्या पत्त्यावर पाठवीन. आणि एक जण जरी भेटायला आला, तरी त्या भेटीत उरलेल्या चौघांविषयी बोलू नका. फीबी आणि जोई तसे बोलू शकतात, कारण त्यांची जागा पक्की आहे. आपल्याला त्या संध्याकाळी दोघांपुरतेच बोलायचे आहे.